रिकामा काटा

रद्दीच्या गोदामातल्या काट्यावर तो उभा राहिला तो निव्वळ थट्टा म्हणून. तपासणी संपली होती. वजनमापं खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात ज्या क्रमाने आपोआप चालतात त्या क्रमाने सगळं उरकलं होतं: आधी रिकामा काटा, मग मधोमध वीस किलोचं एक वजन, मग चारी कोपऱ्यांवर एकेक, मग पाचही एकदम. आकडा कुठे तसूभरही हलला नाही. त्याने शिशाची गोळी तारेत ओवून पकडीने दाबली, खात्याचा शिक्का उमटला, आणि रद्दीवाल्याने सुटकेचा श्वास टाकून चहा मागवला. रद्दीवाला जुना, तोंडाळ माणूस. "काटेसाहेब," तो म्हणाला, "ही लोखंडं कशाला वाहता उगाच? मागल्या वर्षी तुम्हीच चढला होतात, एकशे चार भरलात. शंभराचं वजन आणि वर चार किलो सूट!" इन्स्पेक्टरही हसला. हसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, जाड माणसाने स्वतःवरच्या विनोदाला आधी हसायचं असतं हे तो शाळेत असतानाच शिकला होता. आणि हसता हसता चढला. समोरच्या चौकोनात लाल आकडे थोडे थरथरले आणि थांबले. चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. बुटांसकट, खिशातल्या किल्ल्यांसकट. "अरे बापरे," रद्दीवाला म्हणाला, "वीस किलो गेले कुठे? आजारीबिजारी नाही ना?" तो उतरला. आकडा शून्यावर आला. पुन्हा चढला. चौऱ्याऐंशी सहाशे. आज सकाळी घरच्या काट्यावर तो साडेसत्त्याऐंशी होता, उघड्या अंगाने. दोहोंपैकी एक काटा खोटा होता, आणि समोरच्या काट्यावर त्याने स्वतःच्या हाताने पाच मिनिटांपूर्वी शिक्का मारलेला होता. चहा आला तो त्याने तसाच ठेवला. तो रद्दीच्या गठ्ठ्यावर बसला आणि रद्दीवाल्याला म्हणाला, "काही नाही, ऊन लागलं असेल." गोदामाला खिडकीसुद्धा नव्हती.

चौऱ्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशीच्या खाली. एवढंच गणित होतं, पण त्या गणितावर दोन माणसांचं आयुष्य टांगलेलं होतं. दादाची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसला जातो, चार चार तास मशीनला जखडून पडतो आणि पिळलेल्या फडक्यासारखा घरी येतो. वहिनीला साखरेचा आजार, त्यामुळे तिचं मूत्रपिंड घेता येत नाही. तिसरं भावंड नाही. उरला हा, धाकटा. याच्या सगळ्या तपासण्या जुळल्या, रक्त जुळलं, पेशी जुळल्या, मोठा डॉक्टर कागद उलटत नुसती मान डोलवत होता. मग त्याने याला टेबलावर निजवून दोन बोटांनी पोट दाबलं आणि म्हणाला, "घोडं एवढ्याशावर अडलंय. पंच्याऐंशीच्या खाली या. त्याच्या वर मी सुरी लावत नाही. खाली आलात की त्याच दिवशी फोन करा, पुढचं सगळं आठवड्याभरात." आणि बाहेर पडताना याला एकट्याला थांबवून हळू आवाजात, "त्यांच्या हातातल्या शिरा आता फार दिवस साथ देणार नाहीत. हे वर्ष हातचं जाऊ देऊ नका." त्या दिवसापासून घरातल्या फ्रीजवर वहिनीने आखलेला कागद लागला. डावीकडे दादा, उजवीकडे भाऊजी. दादाचा आकडा वाढता कामा नये, कारण वाढ म्हणजे अंगात साठलेलं पाणी. याचा आकडा उतरला पाहिजे. रोज सकाळी आधी हा काट्यावर चढणार, मग दादा. दादाच्या वेळी वहिनी स्वतः वाकून आकडा वाचते, कारण दादा चोरून पाणी पितो आणि मग आकड्यात लबाडी करतो असा तिचा अनुभव. याला मात्र ती स्वयंपाकघरातूनच विचारते. "भाऊजी कशाला खोटं बोलतील? वजनमापं खात्यातला माणूस," असं ती शेजारणीला अभिमानाने सांगते. तिच्या हातात पेन्सिल तयार असते.

पहिल्या वेळी तो साडेशहाऐंशीपर्यंत आला होता. वहिनीने टाळ्या वाजवल्या, तिच्या आईला फोन करून सांगितलं, दादा अंथरुणातून "शाब्बास रे ढब्बू" म्हणाला. ढब्बू हे त्याचं घरातलं नाव, पाळण्यातल्या नावाच्याही आधीपासूनचं. त्या दिवशी तो कामाला गेला तो छाती काढून. आणि दुपारी तीन वाजता, कसा कुणास ठाऊक, तो खात्याच्या कोठारात ओतीव लोखंडी वजनांच्या दोन मांडण्यांमध्ये उभा होता आणि त्याच्या हातात बेकरीतून आणलेल्या मोडक्या बिस्किटांची किलोभराची पिशवी होती. भूक नव्हती. चवही लागत नव्हती. एखाद्याने खड्डा बुजवायला माती लोटावी तसा तो तोंडात बिस्किटं लोटत होता, आणि बुजत चाललेल्या खड्ड्याकडे बघून जसं बरं वाटतं तसं त्याला बरं वाटत होतं. बारा दिवसांत ब्याण्णव. वहिनी रडली, वर स्वतःलाच दोष दिला, "मीच उपाशी मारते हो तुम्हाला, माणसाने उकडलेलं तरी किती दिवस खायचं." दुसऱ्या वेळी बरोबर शहाऐंशीला तेच झालं. पाव आणि लोणी, थंडगार उकडलेले बटाटे मीठ लावून, आटवलेल्या दुधाचा अख्खा डबा चमच्याने. एक्क्याण्णव. सगळ्यांनी मान्य केलं की त्याचा जिभेवर ताबा नाही. त्यानेही मान्य केलं, किती चटकन मान्य केलं! लाज वाटली, पण त्या लाजेत एक सोय होती. बारीक माणसाने ताटभर खाल्लं तर लोक विचारतात, काय रे, काय झालं? लठ्ठ माणसाने का खाल्लं हे कुणी विचारत नाही. त्याचं लठ्ठ असणं हेच उत्तर असतं.

खरं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. ते त्याने इतक्या आत ठेवलं होतं की तिथवर जायला वाटच ठेवली नव्हती. गोदामातून निघून तो उन्हातून चालू लागला, वजनांची गाडी ड्रायव्हरबरोबर पुढे पाठवली, आणि चालता चालता त्याला ती समुपदेशक बाई आठवली. रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावरची छोटी खोली, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर घड्याळ. नियमच होता, देणाऱ्याशी एकट्याशी बोलायचं. बाई त्याच्यापेक्षा लहान होती आणि तिने कुठलीही घाई न करता सांगितलं, "तुमच्या मनात नसेल तर आत्ता सांगा. आम्ही घरी कारण सांगत नाही. तपासणीत बसत नाहीत एवढंच सांगतो. तुमचं नाव खराब होणार नाही." म्हणजे दार उघडून धरलं होतं तिने, अगदी सताड. आणि हा काय म्हणाला? "छे छे! दादासाठी नाही द्यायचं तर कुणासाठी?" उचकी लागावी तसं ते वाक्य तोंडातून बाहेर आलं. बाईने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाचा काटा सरकला, मग तिने कागद पुढे केला आणि याने सही केली. बाहेर बाकावर वहिनी बसली होती, मांडीवर याची पाण्याची बाटली धरून. ती बाटली धरून बसलेल्या वहिनीपुढे, मी तपासणीत बसत नाही, असं खोटं चौथ्या मजल्यावरच्या कुणी परक्याने सांगावं, हे त्याला तेव्हा लाजिरवाणं वाटलं होतं. मग तेच खोटं त्याने पोटावर चढवून घेतलं. तपासणीत बसणार नाही याची सोय केली, किलोकिलोने, आणि कुणाला, स्वतःलासुद्धा, न सांगता. बाईने दोन मिनिटांत फुकट दिलं असतं ते त्याने वर्षभर चावून चावून मिळवलं.

भीती होती का? होती. टेबल, दिवे, अंगातून काही काढून घेतल्यावर उरणारी पोकळी. पण भितात सगळेच. वहिनीला इंजेक्शनची सुई बघून घेरी येते, तरी ती रोज स्वतःला टोचते. भीतीच्या मागे आणखी एक गोष्ट बसली होती, आणि ती इतकी क्षुद्र होती की तिच्याकडे बघणंसुद्धा नको वाटे. ती अशी की त्याचं स्वतःचं असं आयुष्यात काहीच नव्हतं. शाळेची पुस्तकं दादाची, त्यांत दादाने मारलेल्या रेघा. सायकल दादाची. नोकरी दादाने शब्द टाकला म्हणून. लग्न जमलं नाही, तेव्हा राहायला खोली दादाच्या घरातली मागची. लहानपणी दादा आपल्या ताटातलं अर्धं याच्या ताटात सरकवायचा, आई बघत नाही असं बघून. "खा रे ढब्बू, मला नकोय." दादा काडीसारखा राहिला आणि हा फुगत गेला. आणि म्हणूनच एक गोष्ट तेवढी दादाची याला कधी आली नाही: कपडे. दादाचे शर्ट याला दंडातच अडकत. घरोघरी धाकट्याला थोरल्याचं उतरलेलं मिळतं, या घरात नवे कपडे धाकट्याला शिवले जात. शिंपी फीत घेऊन त्याच्याभोवती फिरायचा, "हात वर, बाळ, श्वास सोड," आणि आई वैतागून म्हणायची, "याच्या एकट्याला दोघांचं कापड लागतं." त्याला ते शिव्यांसारखं कधी वाटलंच नाही. हे एवढं सगळं, हे ओसंडणारं, हसण्यावारी जाणारं अंग, हे त्याचं एकट्याचं होतं. आता त्यातलाही वाटा मागायला आले. मागायलाही नाही, नुसतं मोजायला लागले. बळी द्यायच्या बकऱ्याला लोक निदान खाऊ घालून फुगवतात, याला उपाशी ठेवून तयार करत होते. आणि हे सगळं कुणाबद्दल मनात येत होतं, तर ज्याने आपलं अर्धं ताट दिलं त्याच्याबद्दल. इथवर आलं की तो विचार सोडून द्यायचा आणि काहीतरी खायचा.

पण गेला दीड महिना! गेला दीड महिना त्याने एक कण चोरून खाल्ला नव्हता. हीच तर त्याच्या सुखाची गोष्ट होती. तिसऱ्यांदा उतरत उतरत तो साडेसत्त्याऐंशीवर आला आणि वजन तिथेच बसलं. रोज उकडलेल्या भाज्या, रोज सकाळी तासभर चालणं, तरी सुई साडेसत्त्याऐंशीवर. डॉक्टरच्या माणसाने फोनवर सांगितलं, असं होतं, शरीर अडून बसतं, धीर धरा. त्याने धीर धरला, अगदी आनंदाने धरला. प्रयत्न करायचे, कौतुक करून घ्यायचं, आणि पोचायचं मात्र नाही. सुट्टीवर असलेल्या कारकुनासारखा तो घरात वावरत होता. वहिनीला विनोद सांगत होता, दादाचे पाय दाबत होता. दादाला हल्ली पायांत गोळे यायचे, रात्रंदिवस, तो कळवळायचा, आणि हा त्याच्या पोटऱ्या चोळत म्हणायचा, "अडीच किलोच राहिलेत रे, होईल." दादा डोळे मिटून म्हणायचा, "होईल. घाई काय आहे." तेव्हा त्याला आपण चांगला भाऊ असल्यासारखं वाटायचं. बेकरीवरून जाताना तो नाकासमोर बघून जायचा. आज मात्र त्याचे पाय बेकरीच्या दारात थांबले. काउंटरवरच्या बाईने ओळखून विचारलं, "बरेच दिवसांनी? मोडकी आहेत आज." आत लोणी आणि भाजलेल्या पिठाचा वास होता. त्याने दाराची मूठ धरली. आत्ता एक किलो घेतली, उद्या एक, परवा एक, तर आठवड्यात सहज... पण बैल गेला आणि झोपा केला. तो पंच्याऐंशीच्या खाली जाऊन बसला होता, कदाचित कितीतरी दिवसांपूर्वी. जिथे जायची भीती होती तिथे तो गेले कित्येक दिवस शिट्टी वाजवत राहत होता. "नको," तो म्हणाला. आणि त्याने मूठ सोडली.

घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. वहिनी औषधं आणायला गेली होती. दादा मशीनवरून नुकताच येऊन बाहेरच्या खोलीत डोळ्यांवर हात ठेवून पडला होता. हा बूट न काढता तसाच न्हाणीघरात गेला. घरातला काटा जुना, तबकडीचा, स्प्रिंगवर चालणारा. विकत आणला तेव्हा त्याने स्वतः तपासला होता, दहा वर्षांपूर्वी. घरगुती काट्याला कायदा लागत नाही, शिक्काही लागत नाही. तो दाराआड भिंतीला टेकवून उभा करून ठेवायची पद्धत होती. त्याने काटा उचलून फरशीवर ठेवला आणि बघितलं. नुसतं बघितलं, चढला नाही. रिकाम्या काट्याची सुई चारवर होती. बावीस वर्षं प्रत्येक दुकानदाराला तो पहिलं वाक्य हेच सांगत आला होता, आधी रिकामा काटा बघा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! रोज सकाळी हा काटा फरशीवर आडवा करतानाच तो डोळे मिटत असे, श्वास धरून अंदाजाने चढत असे आणि पायांखालची थरथर थांबल्यावर मग हळूच डोळे उघडत असे. रिकामा काटा त्याने वर्षभरात एकदाही पाहिला नव्हता. एक क्षण त्याला वाटलं हे आपणच केलं असेल. झोपेत, नकळत, आपल्या हातांचा काय भरवसा, या हातांनी कोठारात काय काय केलंय. मग त्याने काटा उलटा केला. मागच्या बाजूला शून्य लावायचं बारीक दातेरी चाक असतं, घट्ट, सहज न फिरणारं. त्या चाकाभोवती पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, पकड यावी म्हणून. सुई टोचलेल्या जागेवर कापूस दाबून धरायला रुग्णालयात लावतात ती पट्टी. एकदम फिरवलं नव्हतं. एकदम चार किलो वाढले असते तर कुणीही ओळखलं असतं. रोज केसभर, याचं वजन जसं उतरत जाईल तसतसं केसभर पुढे, म्हणून सुई दीड महिना एका जागी बसली होती. दुबळ्या बोटांनी केलेलं इतकं बारीक काम. खात्यातल्या कुणाला जमलं नसतं.

तो बाहेर आला. दादाच्या उशाशी पाण्याचा पेला होता. त्या पेल्यावर वहिनीने नखं रंगवायच्या लाल रंगाने रेघ मारलेली होती, दिवसभरात किती वेळा कुठवर भरायचा ते ठरलेलं. आज त्याला दिसलं की रेघा दोन आहेत. वरची जुनी, विटकी. खालची नवी, दोन बोटं खाली.

"दादा," तो म्हणाला, "काटा तू फिरवलास?"

"कुठला काटा?" दादा हाताआडून म्हणाला.

"दादा."

दादाने हात काढून त्याच्याकडे पाहिलं. मग ओठांच्या कोपऱ्यातून हसला. "दीड महिना लागला तुला. आणि म्हणे इन्स्पेक्टर."

"का केलंस?"

"बस आधी. बूट काढ, वहिनी ओरडेल." हा बसला नाही. दादा छताकडे बघत बोलू लागला, मध्ये मध्ये दम घेत. "दुसऱ्या वेळी तू शहाऐंशीवर आलास ना, तेव्हा मी दारातून बघितलं तुला. तुझी वहिनी इकडे नाचत होती आणि तू तिकडे काट्यावर. लहानपणी तुला दात काढायला नेलं होतं, आठवतं? खुर्चीजवळ असाच उभा होतास, घामाघूम. मी बाबांना म्हटलं, आज नको, उद्या आणू. तसंच वाटलं मला. म्हटलं, आज नको. उद्या बघू. आणि तू खायला लागलास की कसा खातोस ते मला माहीत नाही का? माझ्या आधी मरायचास."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास?"

त्याची नजर पेल्यावरच्या रेघांवर गेली.

"मग? विचारून आणखी कशाला अडकवायचं."

"आणि हे?" त्याने पेला उचलला. "ही रेघ? वहिनीला वाटतंय तुझं चार किलो पाणी वाढलंय, म्हणून पाणी तोडतेय ती. तुझ्या पायांत गोळे येतात ते याच्यानेच ना? मी चोळत बसतो ते?"

"मशीनकडच्या पोरी ओरडतात खऱ्या," दादा म्हणाला, "एवढं कोरडं येऊ नका, पीत जा थोडं. मी म्हणतो, बायको पिऊ देत नाही. हसतात." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "सवय झाली रे. बर्फाचा खडा चघळतो."

त्याने पेला खाली ठेवला. घरातला नळ कुठेतरी ठिबकत होता आणि ते ठिबकणं दादाला दिवसभर ऐकू येत असणार हे त्याच्या आज पहिल्यांदाच लक्षात आलं. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा आई बघत नाही असं बघून ताटातलं अर्धं इकडे सरकवलेलं, मला नकोय म्हणून. त्याला भडभडून आलं, आणि त्याच वेळी असा संताप आला की पेला भिंतीवर फेकावासा वाटला. हा माणूस साधं कधी घेतच नाही. घेतो तेसुद्धा देऊन घेतो.

"ऐक," दादा म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता. "मला नकोय असं नाही हां, ढब्बू. खोटं कशाला बोलू? हवंय. रोज सकाळी तू चढलास की माझे कान तिकडे असतात. मीच फिरवलेला काटा, तरी वाटतं, आज एखादे वेळी हा म्हणेल चौऱ्याऐंशी. मला जगायचंय रे. पण तुझं तोंड असं बघून नको. तू एकदा नाही म्हण. सरळ म्हण. वहिनीचं मी बघून घेतो. नाहीतर हो म्हण. पण ते दात काढायच्या खुर्चीवाल्यासारखं नको."

त्याने तोंड उघडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 'हो' जिभेवर आणलं तर चौथ्या मजल्यावरच्या खोलीतल्या उचकीसारखंच वाटलं. आणि 'नाही' म्हणायला समोर तो पेला होता, दोन रेघांचा. दादाने दार उघडून दिलं होतं, त्या बाईपेक्षाही सताड, पण त्या दारातून बाहेर पडायचं तर दादाला ओलांडूनच जावं लागत होतं. दादा वाट बघत होता, पापणी न हलवता. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली आणि वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, बूट! अहो, घर आहे का गोदाम?" दादाने पुन्हा डोळ्यांवर हात घेतला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठला. न्हाणीघराचं दार लावून घेतलं, चाकाची चिकटपट्टी नखाने सोडवली आणि सुई मागे आणली. चार, तीन, दोन. चाक घट्ट होतं, त्याच्या जाड बोटांनासुद्धा जोर लावावा लागला. शून्यावर आल्यावर त्याने सवयीने काट्याला एक टिचकी मारली, सुई थरथरून पुन्हा शून्यावरच आली. एवढं तरी त्याला करता येत होतं. दादाचं पाणी दादाला परत देता येत होतं. मग तो काट्यावर चढला, आज डोळे उघडे ठेवून. त्र्याऐंशी आणि वर थोडं. स्वतःच्या पावलांकडे त्याने पाहिलं. पोट आड येत नव्हतं, दहाही बोटं दिसत होती, कितीतरी वर्षांनी, आणि ती त्याला अनोळखी वाटली. स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. बाहेरच्या खोलीत पलंग करकरला आणि मग एकदम काहीच वाजेना. दादा ऐकत होता.

"भाऊजी," वहिनीने विचारलं, "किती?"

आत्ता म्हटलं की झालं. एक शब्द. त्याच दिवशी फोन, पुढचं सगळं आठवड्याभरात. त्याने तो शब्द जुळवलासुद्धा, जीभ टाळ्याला लागली. बावीस वर्षांत त्याने कुणाचा छटाकभर खोटा आकडा लिहिला नव्हता.

"सत्त्याऐंशी," तो म्हणाला.

"आणि?"

"अर्धा."

पेन्सिल कागदावर ओरखडली. "असू दे हो," वहिनी म्हणाली, "उतरेल. तुम्ही तरी काय कराल." बाहेर पलंग पुन्हा करकरला. दादा भिंतीला धरून धरून आला, याच्याकडे न बघता काट्यावर चढला आणि पदराला हात पुसत वहिनी वाकली. "अगंबाई!" ती म्हणाली. "अठ्ठावन्न? काल सकाळी तर साडेत्रेसष्ट होते. मशीनने दोन-तीन काढलं असेल, पण एवढं?" ती याच्याकडे बघू लागली, कारण काट्याचं काही असेल तर घरात याच्याकडेच बघायची रीत होती. काटा चुकत होता असं सांगितलं तर त्याचं साडेसत्त्याऐंशीही चुकतच होतं. "दादा कडेला उभा राहायचा," तो म्हणाला. आवाज अगदी सरळ, खात्याचा. "कोपऱ्यावर भार पडला की जास्त दाखवतो. आज मधोमध उभा राहिलाय." वहिनीचा चेहरा उजळला. "म्हणजे उगाच तोडलं की मी पाणी! आणि तुम्हीसुद्धा, एका शब्दाने बोलला नाहीत!" असं दादाला म्हणत ती घाईने आत गेली आणि पेला भरून घेऊन आली, वरच्या, विटक्या रेघेपर्यंत. दादा तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि पाणी प्यायला. घोट घोट नाही, एका दमात. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना हा बघत होता. पाणी संपलं तेव्हा दादाने पेल्याच्या कडेवरून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वहिनी रिकामा पेला घेऊन गेली. दादाने मनगटाने ओठ पुसले आणि हलकेच म्हणाला, "आता मी नाही हं फिरवणार." मग भिंत धरून धरून पलंगाकडे निघाला.

त्याने काटा उचलून दाराआड ठेवला, मग पुन्हा काढून एकदा बघितला. रिकामा काटा शून्यावर होता. आता खोटं बोलायला घरात त्याच्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.